मोदक खाल्ला तर पाप लागतं का?

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की मी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. वर्ग म्हणजे इगर्जीच्या (चर्चच्या) मागची पडवी, दोन चटया आणि एक फळा. चतुर्थी तोंडावर आली की एक प्रश्न ठरलेला. या खेपेला तो आठवीतल्या एका मुलीने विचारला. "टीचर, शेजारच्या घरातून आमच्याकडे मोदक येतात. मुंबईहून आत्ते आलीय, ती म्हणते मूर्तीपुढे ठेवलेलं खाल्लं की पाप लागतं. मग मोदक परत पाठवायचे काय?"

पडवीत एकदम शांतता झाली. सगळ्याच पोरांच्या घरी मोदक येतात ना!

मला वाटतं हा प्रश्न एका मुलीचा नाही. महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती लोक एक टक्काही नाही. २०११च्या जनगणनेत सुमारे १० लाख ८० हजार होतो. वसई काय, मालवण-वेंगुर्ला काय, आपला शेजार बहुतेक हिंदूच. घराबाहेर पाऊल टाकलं की कोणाचा ना कोणाचा सण लागतो. आणि प्रश्न तिकडूनही येतात. "बायो, तू मंगळसूत्र घालतंस, मगे कुंकू कित्याक नाय?" असं मला कितीदा विचारून झालंय. विचारणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं, त्याला खरंच कळत नसतं. आपल्यातल्याही पुष्कळांना ते नीट सांगता येत नाही. म्हणून जरा मुळापासून बघू.

रुजणं आणि सरमिसळ

श्रद्धा म्हणजे तुम्ही गुडघे कोणापुढे टेकता ते. संस्कृती म्हणजे तुम्ही बोलता कसे, जेवता काय, लग्नात गाणी कोणती म्हणता, माणूस गेलं की कसे रडता ते. पण जगताना दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं. 'देव' हा शब्दच घ्या. आपण प्रार्थनेत येशूला देव म्हणतो तेव्हा तो शब्द आपण रोमहून आणलेला नसतो, आजीच्या तोंडून घेतलेला असतो.

एखाद्या लोकांची श्रद्धा त्यांच्याच भाषेत, गाण्यात, चालीरीतीत उतरते त्याला चर्चच्या भाषेत सांस्कृतिकीकरण म्हणतात. शब्द जड आहे, म्हणून पुढे मी त्याला नुसतं 'रुजणं' म्हणेन. दोन श्रद्धा एकाच भांड्यात ढवळल्या आणि कोणतीच ओळखू येईनाशी झाली, तर ती 'सरमिसळ'. सगळा वाद या दोन शब्दांमधल्या रेषेचा आहे. ती रेषा नेमकी कुठे आहे, हे आपल्या आंब्याच्या बागेत छान कळतं.

हापूसचं कलम

हापूसची कोय पेरली तर येणारं झाड हापूसचंच निघेल याची खात्री नसते. म्हणून आधी गावठी रायवळ आंब्याची कोय रुजवतात. हे रोप म्हणजे खुंट. तो तरारला की त्यावर हापूसची काडी बसवून जोड पट्टीने घट्ट बांधतात. मुळं रायवळाची, पाणी इथल्या कातळातलं, फळ हापूसचं. (हापूस हे नावही पोर्तुगीज 'अफोन्सो'वरून आलंय. कोकणाची शान म्हणून मिरवतो त्या फळाच्या नावातच समुद्रापलीकडचा माणूस बसलाय.)

माझ्या वडिलांची चाळीस कलमांची बाग होती. त्यांच्याबरोबर वाकून वाकून मी तीन गोष्टी शिकले. पहिली, काडी कितीही उत्तम असो, खुंटाशिवाय ती चार दिवसांत वाळते. दुसरी, जोडाच्या खालून खुंटाला फूट येते ती वेळच्या वेळी खुडावी लागते. राहू दिली तर ती फूटच जोर धरते, हापूसची फांदी मरते आणि झाड परत रायवळ होतं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. जोड सांधला की पट्टी सोडायची असते. नाही सोडली तर झाड जाड होतं आणि पट्टी सालीत रुतून त्याचा गळा आवळते.

ख्रिस्ती श्रद्धा ही काडी, आपली भाषा आणि रीतभात हा खुंट. आणि पट्टी म्हणजे श्रद्धेबरोबर आलेला पोर्तुगीज नाहीतर इंग्रजी साज. एके काळी त्याने जोड धरून ठेवला असेल. पण कित्येक ठिकाणी ती पट्टी सोडायची राहून गेली, आणि लोकांना पट्टीच ख्रिस्ती धर्म वाटू लागली. येशू स्वतः आशियातला, अरामी बोलणारा, गालीलच्या कोळ्यांबरोबर वावरणारा माणूस. साहेबाचा कोट त्याच्या अंगावर फार नंतर चढला.

करिंथच्या बाजारातलं मांस

मोदकाचा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी विचारून झालाय. ग्रीसमधल्या करिंथ शहरात देवळात बळी दिलेल्या जनावरांचं मांस बाजारात विकायला यायचं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना कळेना, ते घ्यावं की नाही. शेजाऱ्याने जेवायला बोलावलं तर जावं की नाही. इसवी सन ५५च्या सुमाराला संत पौलाने त्यांना पत्र लिहिलं. बायबलमध्ये ते करिंथकरांस पहिलं पत्र म्हणून आहे, त्यातले आठ ते दहा हे अध्याय वाचा. पौल एका वाक्यात उत्तर देत नाही. तीन वेगळ्या जागा धरून तीन वेगळी उत्तरं देतो.

देवळातल्या पूजेच्या पंगतीला बसायचं का? नाही. प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने दुसऱ्या पूजेत भागीदार होऊ नये. इथे पौलाची भाषा कडक आहे, ती मऊ करून सांगायचं कारण नाही.

बाजारात मिळतं ते घ्यायचं का? खुशाल घ्या, चौकशी करत बसू नका. पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचंच आहे.

शेजाऱ्याने घरी बोलावलं तर? जावंसं वाटलं तर जा, पानात वाढेल ते खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे बळीचं आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. आणि ज्याचं मन अजून कच्चं आहे असा आपलाच भाऊ पंगतीत असेल, तर आपल्या खाण्याने तो ठेचकाळणार नाही हे बघा.

म्हणजे पौल दोन प्रश्न विचारतो. पूजा कोणाची चाललीय? आणि माझ्या वागण्याने कोणाचं मन मोडतंय? पदार्थ काय आहे याला त्याच्या लेखी फारशी किंमत नाही.

आता आमच्या वाडीतली गोष्ट सांगते. आमच्या शेजारच्या काकी चतुर्थीला मोदक पाठवत नाहीत, स्वतः घेऊन येतात. ॲल्युमिनियमचा जुना डबा, झाकणाला पोचा आलेला, आत हळदीच्या पानावर सात मोदक. पानाला अजून वाफेचा घाम असतो. माझ्या सासूबाई फार कडक होत्या. त्या हयात असल्यापासून काकींचं एक वाक्य ठरलेलं आहे. डबा हातात देताना त्या हळूच सांगतात, "ह्ये निवेद दाखवच्या आदी काडून ठेवलेले हत हां. तुमका चलतले."

काकींनी पौलाचं पत्र वाचलेलं नाही. पण शेजारणीच्या मनाला टोचू नये म्हणून सात मोदक आधी बाजूला काढायचे, हे त्यांना आपसूक सुचलं. असा डबा परत पाठवणं मला तरी पाप वाटतं.

इथे आधी काय काय होऊन गेलं

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातले) १५७९ साली गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला दुसरं काही का देत नाही? त्यावर स्टीफन्स यांनी येशूची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहिली. हे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या आहेत. स्वर्गाला त्यात वैकुंठ म्हटलंय. काडी त्यांची, खुंट आपला.

आणि त्याच गोव्यात याच्या अगदी उलटही घडत होतं. १५६० ते १८१२ इन्क्विझिशन चाललं, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा संशय आला की चौकशी आणि शिक्षा करणारं धार्मिक न्यायालय. १७३६ सालच्या त्याच्या फर्मानाने नव्या ख्रिस्ती घरांतल्या किती बारीक गोष्टींवर बंदी आणली बघा. दारात तुळस नको. लग्नात ओव्या गायच्या नाहीत. भात मीठ न घालता शिजवायचा नाही. भातात मीठ घालण्याशी तारणाचा काय संबंध? खुंटच कापायला निघाले होते ते. आपल्याच चर्चच्या नावाने हे झालं आणि त्यात माणसं भरडली गेली. हे आपण मुलांना सांगितलं पाहिजे. दुसऱ्या कोणी रागाने सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

पण बायकांनी ओव्या सोडल्या नाहीत. आजही लग्नाच्या आदल्या दिवशी आपल्याकडे रोस असतो. नवरीला पाटावर बसवून बायका एकेक करून तिच्या अंगाला नारळाचं दूध चोळतात, गाणी म्हणतात आणि सुरुवात खुरसाची, म्हणजे क्रूसाची, खूण करून होते. शेजारच्या घरात हळद, आपल्या घरात रोस. अंगणातला खुरीसही पाहा. कित्येक घरांपुढे त्याचा चौथरा तुळशीवृंदावनाच्याच घाटणीचा असतो. फर्मान काढणारे गेले, गवंड्याचा हात राहिला.

प्रोटेस्टंट मंडळींतही हेच घडलं, जरा उशिरा. रेव्हरंड ना. वा. टिळक मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं म्हणत. टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. ख्रिस्ताकडे येण्याची आपली वाट तुकोबांवरून आली, असं ते मोकळेपणाने मानत. १९१९ साली ते गेले. त्यांचे अभंग अजून गायले जातात.

कॅथलिक चर्चने अधिकृतपणे दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६२ ते १९६५ या काळात. मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत येण्याची वाट १९६३च्या दस्तऐवजाने मोकळी केली. १९६५च्या दुसऱ्या एका दस्तऐवजात हिंदू धर्माचं नाव घेऊन सांगितलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. मग १९६९ मध्ये रोमने भारतासाठी मिस्साच्या रीतीत बारा गोष्टींना मान्यता दिली. पादत्राणं काढणं, जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आरती. कोणाला यात नवल वाटेल. मला लहानपणी समई पेटवताना पाहिलं तेव्हा इगर्ज पहिल्यांदा आपल्या घरासारखी वाटली होती.

"मग आरतीला उभं राहून हात का नाही जोडत?"

हा प्रश्न शेजारी विचारतात आणि त्यात थोडं दुखावलेपणही असतं. मी काकींकडे गेले आणि आरती चालू असली तर चप्पल काढून गप्प उभी राहते. आरती घेत नाही. काकींना त्याचं वाईट वाटत नाही, कारण का घेत नाही हे मी त्यांना तीस वर्षांपूर्वी समोर बसून सांगितलंय. त्याही नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात. सगळे ओस्त, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घ्यायला पुढे जातात तेव्हा त्या जागच्या हलत नाहीत. आमच्यातल्या प्रेमाला यामुळे कधी तडा गेला नाही.

पूजा ही माणसाची सगळ्यात आतली खोली असते. शेजाऱ्याच्या घरात आपण ओसरीपासून माजघरापर्यंत वावरतो, पण त्या खोलीत त्याच्या मनाविरुद्ध शिरत नाही आणि आपल्या मनाविरुद्ध कोणी आपल्याला तिथे ओढत नाही. सगळे देव एकच आहेत असं काकी मनापासून मानतात. मी तसं मानत नाही आणि ते त्यांना ठाऊक आहे. एकमत झाल्याशिवाय एकोपा होत नाही, हे कोणी ठरवलं?

कुंकवाचंही तेच. मंगळसूत्र आपल्या बायकांनी घेतलं, त्यात खुरीस ओवला, फादरांनी लग्नात त्याला आशीर्वाद दिला. कुंकू मात्र पुष्कळ घरांत पूजेशी जोडलेलं वाटलं म्हणून राहिलं. दुसऱ्या भागांत ख्रिस्ती बायका कुंकू लावतातही. याला एकच एक नियम नाही.

आणखी अवघड उदाहरण मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचं. तिथे श्री देव रामेश्वराचा कौल झाला की दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. सगळा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो, सगळ्या धर्मांची माणसं जातात. ख्रिस्ती माणसाने जावं का? माझ्या मते जावं. कौल त्याने लावलेला नाही, पण गाव त्याचा आहे. सगळ्या वाडीच्या चुली बाहेर पेटलेल्या असताना एकट्याने घरात दिवा लावून बसण्यात श्रद्धा नाही, तुसडेपणा आहे. यावर माझ्याशी भांडणारी माणसं माझ्याच घरात आहेत.

"ही धर्मांतराची युक्ती तर नाही?"

हा संशय मी झटकून टाकणार नाही. १६०६ मध्ये मदुराईला गेलेले इटालियन जेझुइट रॉबर्ट द नोबिली संन्याशाच्या वेशात राहिले. त्यांच्या मनात आदर होता असं मला वाटतं, पण बाहेरून बघणाऱ्याला शंका येणारच. माझी परीक्षा सोपी आहे. ही रीत कोणी मागितली? आपल्याच लोकांनी आपल्या प्रार्थनेसाठी मागितली असेल तर ते रुजणं. दुसऱ्या कोणाला भुलवायला पांघरली असेल तर ते सोंग, आणि सोंग येशूच्या नावाला काळिमा आहे. आमच्या बायका रोसाला गातात ते कोणाला बाटवायला नव्हे. ती त्यांच्या आजीची गाणी आहेत.

खुडायची फूट

मोदकावरून, दिव्यावरून, मंगळसूत्रावरून आपण तासन्‌तास वाद घालतो. जोडाखालच्या ज्या फुटीने कलम खरोखर मरतं, तिच्याकडे मात्र बघत नाही. ती फूट म्हणजे जात.

गोव्यात आणि इकडेही कॅथलिक घरांत बामण, चार्दो, सुदिर हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतले गेले नाहीत. माझ्या एका मैत्रिणीचं ठरत आलेलं लग्न यावरूनच मोडलं. दोघांचा बाप्तिस्मा एकाच इगर्जीत झालेला, दोघं एकाच बाकावर बसून शिकलेले. मुलाच्या घरून निरोप आला, "आमच्यातली नाय ती." त्या घरात चतुर्थीचा मोदक शिवत नाहीत, मूर्तीपुढचा म्हणून. पौल गलतीकरांना लिहितो की ख्रिस्तात यहुदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. ते वाक्य त्या घरातली माणसंही मिस्साच्या वाचनात ऐकतात.

दलित ख्रिस्ती विचारवंतांनी सांस्कृतिकीकरणावरच एक बोट ठेवलं आहे आणि ते मला पटतं. भारतीय रीत म्हणजे कोणाची रीत? नुसते संस्कृत मंत्र आणि समई आणली तर वरच्या जातींची संस्कृती तेवढी आत आली. ढोलकी, हलगी, शेतावरची गाणी दाराबाहेरच राहिली. आजूबाजूच्या संस्कृतीतलं सगळंच घ्यायचं नसतं. हुंडा, विधवेला शुभकार्यात मागे ठेवणं, जात बघून पाण्याचा तांब्या वेगळा ठेवणं, हे खुडायचंच आहे. आणि खुडणारे फक्त आपण नाही. हिंदू समाजातूनही किती जणांनी आयुष्य वेचून ते खुडलं. त्या कामात आपण त्यांच्या शेजारी उभं असायला हवं.

म्हणून मुलांना मी आता प्रश्न उलटा घालते. शेजाऱ्याचं काय खाल्लं हे नंतर सांगा, आधी सांगा की शेजाऱ्यातल्या कोणाच्या घरी आपण पाणीसुद्धा पीत नाही आणि का.

मग त्या मुलीला काय सांगितलं?

सांगितलं की मोदक घे, शेजारच्या काकूंकडून हसून घे. शेजाऱ्याचं प्रेम आहे ते. पण आत्तेच्या समोर खाऊ नकोस. तिचं मन दुखतंय, आणि ते मनही पौलाच्या हिशोबात धरलंय. आत्तेला चिडवायलाही वापरू नकोस. ती मुंबईला गेली की खा, तोवर फडताळात झाकून ठेव. "टीचर, पण मोदक तोवर आंबतले!" मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, आणि सगळा वर्ग हसला. मग ठरलं की मोदक माझ्याकडे आणायचे, पडवीत बसून सगळ्यांनी खायचे. तसे ते आले आणि संपलेही.

काकींचा डबा मी घासूनपुसून ठेवलाय. रिकामा डबा परत द्यायची आपल्याकडे रीत नाही, तो नाताळला जाईल. ज्या वर्षी नाताळ मार्गशीर्षात येतो त्या वर्षी काकींचे गुरुवार चालू असतात, अंड्याचं त्यांना काही चालत नाही. म्हणून केक आणि बिबिंका करायच्या आधी, चूल स्वच्छ असताना, नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा दोदोल आटवायचा, नेवऱ्या तळायच्या आणि त्यांचा वाटा आधी बाजूला काढायचा. डबा हातात देताना मी काय सांगते ते आता त्यांना पाठ झालंय. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच म्हणतात, "गो, म्हायत आसा माका, अंड्याआधीचे हत."